समोर कुणी नसेल तर तो सराव कसला? नव्या रग्बी कोचसाठी

रग्बीचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून लिहिते. पास मागे द्यायचा, रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठी दोन्ही बाजूंच्या रेटारेटीत, आपल्या शेवटच्या खेळाडूच्या मागून शिरायचं, टॅकल, म्हणजे बॉल असलेल्याला धरून पाडणं, खांद्याच्या रेषेखालीच धरायचा, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. नव्या कोचचं घोडं अडतं ते दुसरीकडेच. आठवडाभर सरावात झकास दिसलेली टीम मॅचच्या पहिल्या दहा मिनिटांत विस्कटते. ज्यांच्या हातून सरावात बॉल सुटत नाही त्यांच्याच हातून मॅचमध्ये सुटतो, आणि बाहेर उभ्या कोचला कारण सापडत नाही. त्या अवस्थेत मी बरेच दिवस काढले आहेत. रात्र रात्र झोप यायची नाही. आजही सराव आखायला बसले की ती धाकधूक पोटात असते.

कारण एका वाक्यात सांगता येतं: सरावात समोर प्रतिस्पर्धी नव्हता. पण हे वाक्य वाचून 'हो, कळलं' म्हणू नका. मलाही ते सांगितलेलं होतं आणि मीही मान डोलावली होती. म्हणून सविस्तर सांगते.

नेहमीचा ड्रिल डोळ्यांसमोर आणा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत खुणेचे चार कोन (प्लास्टिकचे शंकू), चार रांगा. खेळाडू पळत येतो, मधोमध पास देतो, पलीकडच्या रांगेला जाऊन लागतो. थोड्या वेळात लय बसते, हात सफाईदार होतात, बघणाऱ्याला बरं वाटतं. आता पास देणाऱ्याकडे नीट बघा. पास कधी द्यायचा ते कोननं ठरवलंय. कुणाला द्यायचा ते रांगेनं ठरवलंय. किती लांब, कोणत्या बाजूला, हेही आधीच आखलेलं. खेळाडूनं स्वतः ठरवावं असं काही शिल्लकच नाही. त्याची नजर साथीदाराच्या हातांवर असते, कारण दुसरीकडे बघायची गरजच पडत नाही. मॅचमध्ये मात्र डिफेंडर अंगावर येतो किंवा मुद्दाम थांबून बाहेरच्या बाजूला सरकतो, आणि पासची वेळ त्याच्या पावलांवरून ठरते. ती पावलं वाचायची सवय आपण लावलेलीच नसते.

यावर बहुतेक जण म्हणतात, ठीक आहे, दोन विरुद्ध एक खेळवू. खरा सापळा इथेच आहे, कारण इथे आपण सुधारलो असं वाटतं. बॉल असलेला सरळ पळतो, डिफेंडर त्याच्याच अंगावर येतो, पास जातो, दुसरा धावत ट्राय करतो, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवतो. दर वेळी हेच. डिफेंडरलाही माहीत असतं की आपण बॉलवाल्याकडेच जायचंय. त्याला ड्रिल बिघडवायचा नसतो, कोचला खूश करायचं असतं. मग हल्ला करणारे खेळाडू काय शिकतात? 'दोन पावलं पळायचं आणि पास द्यायचा.' मॅचमध्ये डिफेंडर बाहेर सरकून पासची वाट अडवतो, तरीही हे पास देतात आणि बॉल थेट त्याच्या हातात. खरं तर तिथे बॉल धरून मोकळ्या आतल्या वाटेनं घुसायचं असतं.

म्हणून डिफेंडरला मोकळं सोडा. त्याला स्पष्ट सांगा: अडव, फसव, सरक, अर्धवट पुढे येऊन मागे हो, काहीही कर, पण ट्राय होऊ देऊ नकोस. त्यानं थांबवलं तर गुण त्याला. मग बॉल असलेल्याला डिफेंडरच्या आतल्या खांद्याच्या रोखानं पळून त्याला जागेवर खिळवावं लागतं आणि त्याची कंबर कुठे वळली ते बघावं लागतं. ती आपल्याकडे वळली तर पास, बाहेर वळली तर स्वतः. सुरुवातीला निम्मे प्रयत्न फसतील. फसू द्या. घाबरून पुन्हा कोनांच्या रांगांकडे जाऊ नका, कारण त्या गोंधळातच खेळाडूंची नजर तयार होत असते.

सफाई दिसते तिथे शिकणं होतंच असं नाही, याला जुना आधार आहे. 1979 साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. एकच हालचाल सलग घोटणाऱ्यांचे आकडे सरावात चांगले आले. वेगवेगळ्या हालचाली उलटसुलट क्रमानं करणारे सरावात मागे होते, पण नंतरच्या चाचणीत तेच पुढे गेले. 1982 मध्ये इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या बंकर आणि थॉर्प यांनी खेळ शिकवण्याबद्दल तशीच उलटी वाट सुचवली: आधी छोटा खेळ खेळवा, अडचण खेळाडूला जाणवू दे, मग तंत्र द्या. माझा अनुभव याच्याशी जुळतो. 'पास आधी हवा होता' हे ज्याला स्वतःला खुपलंय तो मनगटाबद्दलची सूचना मनापासून ऐकतो.

रांगेचं साधं गणित करा. वीस खेळाडू, एक रांग, प्रत्येकाला पंधरा सेकंद, म्हणजे एकाचा नंबर पाच मिनिटांनी येतो. दहा मिनिटांच्या ड्रिलमध्ये दोनदा बॉल हातात, उरलेला वेळ उभं राहून गप्पा. त्याच वीस जणांचे चार-चारचे पाच गट करून प्रत्येकाला एक बॉल दिला तर कुणीच रिकामा राहत नाही. बॉल कमी असतील तर आधी बॉलची सोय करा, कोन नंतर घ्या.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे आणि तिथे मी अजिबात सैल बोलणार नाही: टॅकल आणि स्क्रम, म्हणजे दोन्ही टीमचे फॉरवर्ड्स (पुढच्या फळीतले खेळाडू) एकमेकांना धरून, वाकून बॉलसाठी ढकलतात ते. इथे विरोध हळूहळूच वाढवायचा. टॅकल आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग हलक्या धावेत, आणि शेवटी पूर्ण वेगात. नजर वर, पाऊल जवळ, ज्या बाजूचं पाऊल त्याच बाजूचा खांदा, आणि डोकं कधीही पळणाऱ्याच्या समोर नाही, बाजूला किंवा मागे. हे चालत्या वेगात पक्कं झाल्याशिवाय वेग वाढवणारा कोच खेळाडूच्या मानेशी खेळतोय. स्क्रमच्या पहिल्या रांगेत न शिकवलेला खेळाडू जागा भरायला म्हणून कधीही उभा करू नका. एकोणीस वर्षांखालच्या स्क्रममध्ये दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही, तो नियम जिवासाठी आहे. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. त्यानं कितीही विनवलं तरी, फायनल असली तरी.

आता डावपेच. नव्या कोचला सगळ्यात आधी मोह होतो तो मोठ्या टीमच्या रचना उचलण्याचा. फॉरवर्ड्सचे एक-तीन-तीन-एक असे गट फळ्यावर फार देखणे दिसतात. पण दुसऱ्या रकनंतर आपल्या जागी परतायचा दम आणि सवय टीममध्ये नसेल तर ती रचना कागदावरच राहते. माझं ठाम मत आहे की पहिल्या सीझनला दोन गोष्टी पुरे: बॉल असलेल्याच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी जवळ हवं, आणि रक झाल्यावर उभे असलेल्यांनी ताबडतोब मान वर करून जागा कुठे आहे ते बघायचं.

यासाठी माझा सगळ्यात आवडता खेळ असा. साधारण वीस मीटर रुंद जागा, हल्ल्याला चार, बचावाला तीन. दोन हातांचा स्पर्श म्हणजे टॅकल. स्पर्श झालेल्यानं खाली जाऊन बॉल मागे ठेवायचा, एका साथीदारानं बॉलवर उभं राहायचं. ज्यानं स्पर्श केला त्यानं मागून वळसा घालूनच पुन्हा रेषेत यायचं. तेवढ्या वेळात बचावाला दोघेच उरतात. बॉल चटकन निघाला तर वाट मोकळी, रेंगाळला तर वाट बंद. लवकर बॉल का काढायचा यावर भाषण द्यावंच लागत नाही. पुढच्या टप्प्यात नियम बदला: दोन सेकंदांत साथीदार पोहोचला नाही तर बॉल समोरच्यांचा. मग जागा अरुंद करा, म्हणजे सरळ पळणं आणि छोटे पास येतील. रुंद करा, म्हणजे लांबची मोकळी जागा दिसू लागेल. एका वेळी एकच नियम बदला. मी एकदम तीन बदलायचे आणि सगळे माझ्याकडे बघत उभे राहायचे.

बचावातही तेच. रेषा एकत्र वर नेणं फळ्यावर शिकवता येतं, पण मागे कोण राहणार हे समोरून किक आल्याशिवाय कळत नाही. 2021 मध्ये चाचणीसाठी आलेला आणि पुढे कायम झालेला फिफ्टी-ट्वेंटीटू नियम घ्या. स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेली किक मैदानात टप्पा घेऊन समोरच्यांच्या बावीस मीटरच्या भागात बाहेर गेली, तर लाइनआउटचा थ्रो, म्हणजे बाहेर गेलेला बॉल पुन्हा आत फेकायची संधी, किक मारणाऱ्यांना मिळतो. त्यामुळे विंगला (कडेला खेळणाऱ्याला) पुढच्या रेषेतून मागे कधी सरकायचं याचा हिशेब सतत ठेवावा लागतो. तो हिशेब शिकवायचा तर सरावात किक मारायला कुणीतरी हवंच.

शेवटी ठरवायचं खेळाडूंनाच आहे. 2015 च्या विश्वचषकात ब्रायटनला जपान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अखेरच्या क्षणी तीन गुणांनी मागे होता. पेनल्टी किक मारून बरोबरी साधायचा मार्ग होता. कर्णधार मायकेल लीचनं मैदानावर स्क्रम निवडला, ट्राय झाला आणि जपान 34-32 नं जिंकला. असा निर्णय घेणारे खेळाडू सरावात रोज निर्णय घेतलेलेच असतात. म्हणून ड्रिल थांबवून 'पास का दिला नाहीस?' असं ओरडणाऱ्या गुरूपासून लांब राहा, तो कितीही मोठा माजी खेळाडू असला तरी. 'तुला काय दिसलं?' असं विचारून उत्तराची वाट बघणारा माणूस शोधा. असा कुणी नाहीच मिळाला तर सरावाचा व्हिडिओ काढा आणि त्यात आपण किती वेळ बोलतोय ते मोजा. आकडा बघून धक्का बसेल, पण तो कमी करणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

इंटरनेटवरचे ड्रिल घ्यायला हरकत नाही. फक्त प्रत्येकाला एक प्रश्न लावा: यात खेळाडू काही बघून काही ठरवतोय का? नसेल तर त्यात एक डिफेंडर घाला. तेवढ्यानं बरेचसे ड्रिल सुधारतात. पुढच्या सरावाला सगळं बदलायची गरज नाही. वॉर्म-अप आहे तसाच ठेवा, टॅकलची पायरी आहे तिथेच ठेवा, आणि पासच्या रांगा मोडून चार विरुद्ध तीन लावा. पहिली पाच-सात मिनिटं गोंधळाची जातील. तेवढा वेळ शिट्टी खिशात ठेवा.