मिरगाआधी ऑइल पामची रोपं निवडताना

मे सरत आला की गोव्यात सत्तरी, सांगे, धारबांदोड्यातले बागायतदार ऑइल पामच्या, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडाच्या, रोपांची चौकशी सुरू करतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, रोगाला दाद न देणारं रोप कुठलं? सरळ सांगायचं तर रोपवाटिकेत उभं राहून असं रोप डोळ्यांनी ओळखता येत नाही. रोप आज निरोगी आहे का, एवढंच पानांवरून आणि बुंध्यावरून कळतं. बुंधा कुजवणाऱ्या गॅनोडर्मा बुरशीपुढे ते पुढे टिकेल का, हे त्याच्या वंशावर आणि तुमच्या जमिनीवर ठरतं. कोवळ्या झाडाचा शेंडा वाकवणारा क्राउन रोग तर आनुवंशिक आहे, आणि तो लागवडीनंतर दोन-तीन वर्षांनी दिसतो. म्हणून 'रोगप्रतिकारक' असं सांगून कोणी जादा दर लावत असेल, तर कुठल्या रोगाला आणि कुठल्या संकराचं, हे त्याच्याकडून कागदावर मागा.

पहिली चौकशी वंशाची करा. लागवडीसाठी लागतं ते टेनेरा रोप, म्हणजे फळात जाड कवच असलेली ड्युरा मादी आणि बिनकवचाच्या फळाचा पिसिफेरा नर यांचा संकर. हा संकर नियंत्रित परागीकरणानेच करावा लागतो. बागेत घड गळून खाली आपोआप उगवलेली रोपं कितीही तजेलदार दिसली तरी घेऊ नका. टेनेराचं बी टेनेराच्याच परागाने धरलं, तर पुढच्या पिढीत चौथा हिस्सा ड्युरा निघतो आणि चौथा हिस्सा पिसिफेरा. पिसिफेराचे घड बहुतेक वेळा पोसतच नाहीत. रोपावस्थेत हा फरक नजरेला दिसत नाही, तो कळायला तीन-चार वर्षं जातात. तेव्हा बियाण्याचा स्रोत, संकराचा क्रमांक आणि अंकुर पिशवीत लावल्याची तारीख लिहून घ्या.

आता रोपांकडे वळू. बारा ते चौदा महिन्यांचं, एक ते सव्वा मीटर उंचीचं, बारा-तेरा कार्यक्षम पानांचं आणि गळ्याशी वीस-पंचवीस सेंटिमीटर घेराचं रोप लागवडीला योग्य. मात्र उंचीला भुलू नका. दाटीत आणि सावलीत वाढलेली रोपं उंचच होतात, पण बुंधा बारीक राहतो. असं रोप पहिल्या जोरदार पावसात कलंडतं.

एक रोप हातात घेऊन निर्णय करू नका. ओळीच्या टोकाला उभे राहा आणि एकाच तारखेच्या, एकाच संकराच्या रोपांत वेगळं कोण दिसतं ते शोधा. सगळी पानं झाडूसारखी ताठ वर गेलेलं रोप बाद. नवी पानं जुन्यांपेक्षा आखूड येऊन माथा कापल्यासारखा सपाट दिसतो, तेही बाद. वर्ष झालं तरी पात्या सुट्या न झालेलं, गवतासारख्या अरुंद पात्यांचं, पिळवटलेल्या किंवा चुरगळलेल्या पानांचं, पांढऱ्या पट्ट्यांचं, सगळी बाद. ओळीत एखादंच रोप असं असेल तर दोष बहुधा वंशाचा असतो. अख्खी ओळ पिवळी किंवा आकसलेली असेल तर खत, बोरॉन किंवा पाणी कमी पडलंय, आणि तशी ओळ सुधारू शकते.

रोपवाटिकेच्या मालकाला एक प्रश्न जरूर विचारा. बाद केलेली रोपं कुठे आहेत? नीट निवड करणाऱ्याकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळून साधारण चौथा हिस्सा रोपं काढून टाकावी लागतात. 'आमच्याकडे एकही वाया जात नाही' असं उत्तर आलं, तर ती सगळी खुरटी रोपं गिऱ्हाइकांच्या शेतात गेली असं समजा. कमी दरात मिळणारा उरलेला माल याच कारणासाठी टाळा. राष्ट्रीय खाद्यतेल अभियानात २०२१ साली लागवड साहित्याचं साहाय्य हेक्टरी १२,००० वरून २९,००० रुपये झालं. कृषी कार्ड घेऊन आपल्या विभागीय कृषी कार्यालयात आधी विचारा, मगच पैसे मोजा.

पानांवरचे डाग जवळून पाहा. कर्व्हुलारिया बुरशीचा डाग कोवळ्या पानावर आधी पिवळसर, अर्धपारदर्शक ठिपका असतो. मग मधे तपकिरी होऊन खोलगट होतो आणि भोवती पिवळं वलय राहतं. जुन्या पानावर एखाद-दुसरा डाग असला तर पान काढून चालतं. पण सुईजवळच्या, म्हणजे मधल्या न उघडलेल्या कोवळ्या पानाजवळच्या, नव्या पानांवर डाग असतील तर रोप सोडा. टोकाकडून किंवा कडेने आत वाळत येणारं पान ॲन्थ्रॅक्नोज या बुरशीजन्य रोगाचं असू शकतं, आणि तो मुळं दुखावलेल्या, दाटीत ठेवलेल्या रोपांवर जास्त येतो. मधली सुई हलकेच ओढून पाहा. सुटून हातात आली किंवा कुजका वास आला तर रोपाला हात लावू नका.

या सगळ्याहून महत्त्वाची, आणि सर्वांत दुर्लक्षित, गोष्ट म्हणजे लागवडीची जागा. गोव्यात अनेक जण जुने माड काढून तिथेच ऑइल पाम लावायचं म्हणतात. मेलेल्या माडाच्या बुंध्याशी तांबूस-तपकिरी, वरून चकाकणारी, लाकडासारखी कडक अळंबी फळीगत चिकटलेली दिसली, तर ती गॅनोडर्माची असण्याचा संभव मोठा. तीच बुरशी ऑइल पामलाही धरते आणि जमिनीतल्या खोडक्यांवर, मुळांवर वर्षानुवर्षं टिकते. खोडकी आणि जाड मुळं खणून काढा, जागेवर कुजू देऊ नका. ते जमत नसेल तर तो तुकडा सोडून दुसरीकडे लावा. कुजणाऱ्या खोडात आणि उघड्या शेणखतात गेंडा भुंगाही वाढतो, आणि तो कोवळ्या रोपाची सुईच पोखरतो.

नऊ मीटर त्रिकोणी अंतराने हेक्टरी १४३ रोपं बसतात. नांगी भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, दहा-पंधरा जादा घ्या. आदल्या दिवशी पाणी द्या, टेम्पोवर कापड झाका आणि रोप पानांना धरून न उचलता पिशवीखाली हात घालून उचला. घरी आणल्यावर आठवडाभर माडांपासून दूर, हलक्या सावलीत ठेवा. त्या आठवड्यात ज्याच्या सुईजवळ नवा डाग दिसेल ते रोप खड्ड्यापर्यंत नेऊच नका.