मिरचीचं रोप खुंटलंय? आधी मातीत बोट घाला

इंदूरच्या गच्चीवर कुंडीतली मिरची चार पानांवरच अडली, तर खताची पुडी फोडण्याआधी मातीत दोन पेरं बोट खुपसा. गार, चिकट लागली तर पाणी थांबवा. माळव्याची काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत तिचा लगदा होतो आणि मुळं गुदमरतात. तिचा वाटा चौथा हिस्साच ठेवा. बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत, जाड वाळू.

माती ठीक असून खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी. मूठभर गांडूळखत पुरे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी होते, मग लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा आणि शक्यतो बोअरऐवजी नळाला येणारं नर्मदेचं पाणी द्या. फरक नव्या पानांत दिसेल.

पानांच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स): निंबोळी तेल लिटरला 5 मिली, साबणाचे दोन थेंब, फवारा पानांच्या खालून. खाली वळल्या तर कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड (माइट). त्याला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. तेल आणि गंधकात पंधरा दिवसांचं अंतर हवंच, नाहीतर पानं करपतात. मेच्या उन्हात गंधक नकोच.