तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर महाविद्यालय बदलावे का?

पदवीची चार सत्रे झाली आहेत, दोन उरली आहेत, आणि तरीही दुसऱ्या महाविद्यालयात जावे असे ज्यांना वाटू लागले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणून पुढचा विचार त्या व्यवस्थेला धरून केला आहे.

प्रथम बदलाचे कारण एका वाक्यात लिहून काढावे आणि ते दोन सत्रांनंतर आपोआप संपणारे आहे का, हे पाहावे. शिकवणे नीरस आहे, ग्रंथालय अपुरे आहे, मित्र मुंबईला गेले आहेत, ही कारणे खरी असली तरी दहा-अकरा महिन्यांत पदवी हातात येते आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी नवी जागा निवडता येते. एवढ्यासाठी शेवटच्या वर्षाची घडी विस्कटू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट, ज्या विषयात मेजर (पदवीचा मुख्य विषय) करायचे आहे तो तिसऱ्या वर्षाला शिकवलाच जाणार नसेल, किंवा घरची परिस्थिती बदलून तिथे राहणेच अशक्य झाले असेल, तर बदलाचा गंभीरपणे विचार करावा. छळ किंवा असुरक्षितता हे कारण असेल, तर हिशेब मांडत बसू नये. आधी घरी सांगावे, लेखी तक्रार करावी आणि बाहेर पडण्याची तयारी करावी.

यानंतरचा प्रश्न श्रेयांकांचा, म्हणजे विषय उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या क्रेडिट्सचा आहे, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला साधारणपणे २२ श्रेयांक असतात; म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६. विद्यापीठ तेच राहणार असेल, तर चार सत्रांत मिळवलेले ८८ श्रेयांक सोबत येतात. मात्र मेजर, मायनर (दुय्यम विषय) आणि ऐच्छिक विषयांची जुळणी नव्या महाविद्यालयात होते का, हे विषयवार तपासावे लागते. नवे महाविद्यालय स्वायत्त असेल तर ही तपासणी अधिक काळजीने करावी, कारण पदवी त्याच विद्यापीठाची असली तरी अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो.

विद्यापीठच बदलत असेल तर गणित पूर्ण वेगळे होते. बांदा-सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला गोवा विद्यापीठ जवळचे वाटते आणि वैभववाडीच्या विद्यार्थ्याला घाट चढून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, हे स्वाभाविक आहे. परंतु श्रेयांक बँकेच्या (विद्यार्थ्याचे श्रेयांक ज्या ऑनलाइन खात्यावर जमा होतात त्या व्यवस्थेच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीत निम्मे म्हणजे ६६, आणि तुमच्याकडे उरलेल्या दोन सत्रांत मिळतात फक्त ४४. म्हणजे किमान एका सत्राइतका अभ्यास जास्तीचा करावा लागेल. चार वर्षांची ऑनर्स पदवी करायची असेल तर उरलेल्या चार सत्रांचे ८८ श्रेयांक बरोबर निम्मे भरतात, त्यामुळे त्या विद्यार्थ्याला हा बदल परवडू शकतो. शिवाय स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेची प्रक्रिया या दोन पायऱ्या वाढतात. आपल्या चारही सत्रांचे श्रेयांक श्रेयांक बँकेच्या खात्यावर खरोखर जमा झाले आहेत का, हे डिजिलॉकर उघडून आजच पाहावे. महाविद्यालयाने ते चढवलेले नसतील तर तिथे शिकत असतानाच पाठपुरावा करणे सोपे असते.

केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, शिल्लक असेल तर माझा सल्ला थांबण्याचा आहे. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा प्रामुख्याने महाविद्यालय पातळीवर होतात, त्यामुळे राहिलेल्या विषयासाठी जुन्याच महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाशी संबंध ठेवावा लागतो. मालवणचा विद्यार्थी ठाण्याला शिकायला गेला आणि एका पेपरसाठी पुन्हा गावी आला, तर त्याचे किमान तीन दिवस जातात, आणि तेही अनेकदा पाचव्या सत्राच्या ऐन अभ्यासाच्या दिवसांत.

खर्चाचा हिशेब शुल्कापुरता करू नये. आपल्याकडे मुंबईला जायचे म्हटले की डोंबिवली किंवा विरारच्या काकांचे घर गृहीत धरले जाते. त्या दोन खोल्यांत आणखी एक अंथरूण, पहाटेची लोकल आणि परीक्षेच्या काळात अभ्यासाला कोपरा, हे सर्व काका-काकूंशी समोर बसून आधी बोलावे. आईने फोनवर ‘येईल गो तुझ्याकडे’ म्हटले म्हणजे व्यवस्था झाली, असे समजू नये. गावातूनच दुसऱ्या तालुक्याला ये-जा करणार असाल तर जुलैमधील एसटीचे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवावे, मे महिन्यातील नव्हे. दरड कोसळून घाट बंद झाला की दिवस बुडतो, आणि हजेरीच्या नोंदीत तो गैरहजेरीचाच दिवस असतो.

एवढे करूनही निर्णय बदलाच्या बाजूने झाला, तर कागदांचा क्रम चुकवू नये. माझ्या परिचयातील एका मुलीने तोंडी ‘या, जागा आहे’ एवढ्या शब्दावर विसंबून जुन्या ठिकाणचा दाखला आधी काढला. नव्या ठिकाणी तिच्या विषयाची तुकडी पुरेशा संख्येअभावी सुरूच झाली नाही आणि तिचे एक वर्ष वाया गेले. म्हणून तिसऱ्या वर्षाला आपल्या विषयात जागा रिकामी आहे आणि प्रवेश देण्यास हरकत नाही, असे नव्या महाविद्यालयाचे पत्र आधी हाती घ्यावे, त्यानंतर जुन्या महाविद्यालयाकडे ना हरकत पत्रासाठी अर्ज करावा, आणि दाखला सर्वांत शेवटी काढावा. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती अडकली असेल तर थकीत शुल्काचा प्रश्न नो ड्यूजच्या (काही देणे बाकी नसल्याच्या प्रमाणपत्राच्या) वेळी हमखास उभा राहतो, तेव्हा त्याची चौकशी आधी करावी. मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे संस्थांनी अडवून ठेवू नयेत, अशी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची अधिसूचना आहे. गरज पडल्यास तिचा नम्रपणे उल्लेख करावा. अर्ज प्राचार्यांच्या नावे दोन प्रतींत द्यावा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का पडल्याशिवाय कार्यालयाची खिडकी सोडू नये.