ठासणीची एनफील्ड: ओळख आणि हात राखून केलेली डागडुजी

एनफील्ड म्हणजे ब्रिटिश सैन्याची, तोंडातून बार ठासायची जुनी बंदूक. घरात अशी सापडली तर सगळ्यात आधी ती भरलेली आहे का ते पाहा. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. घोड्याखालच्या निपलवर, म्हणजे पोकळ घुंडीवर, ठिणगी पाडणारी टोपी असेल तर ठोकू, खरवडू नका. नळीचे तोंड स्वतःपासून दूर ठेवा, गज (बार ठासायची सळई) आत अलगद सोडा आणि तोंडाशी जिथे येईल तिथे पेन्सिलीने खूण करा. मग तोच गज नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. टोक निपलच्या जवळपास पोहोचले पाहिजे. तीन-चार सेंटिमीटर अलीकडेच थांबले तर आत बार (दारू आणि गोळी) असू शकतो किंवा मातीचा बोळा. दोन्हींतला फरक घरी तपासू नका, परवानाधारक बंदूक कारागिराला बोलवा.

कायद्याचेही याच टप्प्यावर पाहून घ्या. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट ही दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य हत्यारांसाठी आहे. तुमची बंदूक त्यात बसते का, हे परवाना शाखेकडून लेखी घ्या. खालची डागडुजी जतनासाठी आहे, बार उडवण्यासाठी नाही.

आता मोजमाप. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड सुमारे १४० सेंमी लांब, नळी ९९ सेंमी, नळीला दस्त्याशी बांधणारे लोखंडी पट्टे तीन. पट्टे दोनच असतील तर ती आखूड रायफल. व्हर्नियरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) नळीचे तोंड मोजा: १४.७ मिमी आणि आत तीन पिळदार खाचा असतील तर मूळ रायफल. तोंड १६.७ मिमीच्या आसपास आणि आतून गुळगुळीत निघाले तर नळी झिजली असे समजून नाराज होऊ नका. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या सैन्याइतक्या पल्ल्याचे हत्यार नको, म्हणून खास बिनखाचांच्या नळ्या बनल्या. त्यांवर पल्ल्याप्रमाणे उचलायच्या शिडीऐवजी ठोकळ्यासारखी साधी मागची माशी (नेम धरायची खूण) असते. आपल्याकडे ही जात सापडणे अगदी स्वाभाविक.

घोड्याजवळच्या लोखंडी पाटीवर मुकुट, साल आणि ‘टॉवर’ किंवा ‘एनफील्ड’ दिसते. कंपनी सरकारच्या मालावर मागच्या पायांवर उभा, मुकुट धरलेला सिंह. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण म्हणजे सरकारी साठ्यातून विकलेला माल. देवनागरी आकडे दिसले तर नेपाळी फौजेकडून आलेली असण्याचा संभव मोठा. व्हिक्टोरिया राणीची अक्षरे आणि साल १९०१ नंतरचे, किंवा इंग्रजी अक्षर उलटे कोरलेले, असे असेल तर वायव्य सरहद्दीवर बनलेली नक्कल समजा. निपलला आरपार भोकच नसेल तर दिवाणखान्याची शोभा.

खोलताना गज बाहेर, घोडा अर्ध्या चढावर, म्हणजे अर्धाच मागे ओढलेला. डाव्या बाजूचे दोन लांब स्क्रू चार-पाच आटे सैल करून त्यांच्या डोक्यांवर लाकडी हातोडीने हलके ठोका, म्हणजे पाटी सरळ उचलते. पाटी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली की कडेचे अक्रोडाचे लाकूड हमखास कपचते. मग पट्टे सैल करून पुढे काढा, नळीच्या शेपटीचा (मागच्या टोकाचा) स्क्रू सोडा, नळी तोंडाच्या बाजूने उचला. स्क्रू पुठ्ठ्यावर जागेनुसार खोचून ठेवा, ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पाटीमागची मुख्य स्प्रिंग योग्य शिकंज्याशिवाय काढू नका. ती तुटते, आणि बोटेही फोडते.

गंजावर हलके तेल लावून दोन दिवस मुरू द्या, मग सर्वांत बारीक, ०००० नंबरच्या स्टील-वूलने हलक्या हाताने घासा. जाड पापुद्रे पितळी पट्टीच्या कडेने निघतात. लाल भुकटी उतरली आणि खाली तपकिरी-काळी, घट्ट पृष्ठ लागले की थांबा. पॉलिश कागद, बफिंग, आम्ल यांनी शिक्के पुसट होतात, आणि मग ओळखीचा पुरावाच उरत नाही. दस्त्यावरच्या पितळेच्या पट्टीला चिंच-लिंबू लावण्याचा मोह आवरा: आम्ल पितळातले जस्त खाते, पृष्ठ लालसर पडते, आणि कडेने लाकडाखाली झिरपते.

दस्त्याचा मळ टर्पेंटाइनच्या फडक्याने काढा. दबलेल्या जागी ओले फडके ठेवून इस्त्री टेकवली तर लाकूड फुगून वर येते, पण शिक्क्याजवळ हे करू नका. चीर सरसाने जोडा, ती पुढे गरम पाण्याने सोडवता येते. इपॉक्सी सुटत नाही. शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन-चार थेंब तळहाताने चोळा, दहा मिनिटांनी पुसा, चोवीस तासांनी पुन्हा. दोन-तीन हात पुरतात. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून टाका.

धातूवर मेणाचा पातळ थर द्या. कोकणात पावसाळ्यात कातडी गवसणी टाळा. तिच्यात दमट हवा कोंडते आणि चार महिन्यांत नळीवर नवा गंज येतो.