मित्सुबिशीवरून सीमेन्सवर येताय? या चुका टाळा

हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीत असे अनेक जण भेटतात ज्यांचा हात मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेच्या पीएलसीवर (मशीन चालवणारा कंट्रोलर) पक्का बसलेला असतो. मग मशीन बदलतं, पॅनलमध्ये सीमेन्सचा एस७-१२०० येतो, आणि "लॅडर ते लॅडरच, त्यात काय नवं" असं म्हणत जुना प्रोग्रॅम ओळीला ओळ उतरवायला घेतला जातो. लॅडर (शिडीसारख्या चित्रात लिहिलेला प्रोग्रॅम) खरंच तसाच दिसतो, आणि घोळ तिथेच होतो. कॉन्टॅक्ट (अटी) आणि कॉइल (आउटपुट) ओळखीचे असतात, पण त्यांच्या मागची मेमरी, वेळ आणि अॅनालॉगचे आकडे वेगळ्या हिशोबाने चालतात. पहिले दोन दिवस एकही नेटवर्क (लॅडरची एक ओळ) न लिहिता हा हिशोब समजून घ्यायला द्यावेत. कमिशनिंगची (मशीन चालू करून देण्याची) तारीख डोक्यावर असली तरी द्यावेत.

डी १०, डी ११ च्या जागी एमडब्ल्यू १०, एमडब्ल्यू ११ लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. मित्सुबिशीत डी १० आणि डी ११ हे १६ बिटांचे दोन स्वतंत्र रजिस्टर (आकडे ठेवायच्या जागा). सीमेन्समध्ये एम मेमरीचा क्रमांक ८ बिटांच्या बाइटचा असतो; एमबी म्हणजे एक बाइट, एमडब्ल्यू म्हणजे दोन बाइटांचा वर्ड. एमडब्ल्यू १० म्हणजे एमबी १० आणि एमबी ११. एमडब्ल्यू ११ म्हणजे एमबी ११ आणि एमबी १२. मधला एमबी ११ दोघांच्याही मालकीचा. कंपाइल करताना एकही एरर येत नाही.

बुटीबोरीतल्या एका पॅकिंग मशीनवर नेमकं हेच झालं. सीलिंग हीटर १८० अंशांवर, जास्त तापमानाचा अलार्म २२० वर. थर्मोकपलचं (तापमानाचा सेन्सर) मॉड्यूल अंशाच्या दहाव्या भागात आकडा देतं, म्हणून १८०० ला १० ने भागून १८० एमडब्ल्यू ११ मध्ये टाकले होते. हे पहिल्याच नेटवर्कमध्ये, दर स्कॅनला (प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीत). पिशव्यांची मोजणी पुढे एमडब्ल्यू १० मध्ये आणि अलार्मची तुलना सगळ्यात शेवटी. मशीन सुरू केलं की पहिली पिशवी पडताच हीटर ट्रिप (अलार्मने बंद). स्क्रीनवर तापमान मात्र ठणठणीत १८०.

"भाऊ, थर्मोकपल गेलं वाटते," म्हणून थर्मोकपल बदललं. केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वायरपासून दूर नेली. मग मॉड्यूल बदललं. शेवटी अलार्मची मर्यादा आधी २५० आणि नंतर ३०० केली. हे शेवटचं पाऊल कोणीही, कधीही उचलू नये. कारण कळलेलं नसताना संरक्षणाचा आकडा वाढवणं हा उपाय नाही, तो धोका आहे. आणि ट्रिप तरीही होतच राहिलं.

आत काय चाललं होतं ते पाहा. पिशवी पडली की मोजणी ० ची १ होते. हा १ एमडब्ल्यू १० च्या खालच्या बाइटमध्ये, म्हणजे एमबी ११ मध्ये बसतो. पण एमबी ११ हाच तापमानाचा वरचा बाइट, त्यामुळे एमडब्ल्यू ११ त्या क्षणी २५६ अधिक १८०, म्हणजे ४३६ होतो. त्याच स्कॅनच्या शेवटी अलार्म ४३६ बघून लॅच होतो (लागलेलाच राहतो). पुढच्या स्कॅनला पहिलं नेटवर्क पुन्हा १८० लिहितं, एमबी ११ शून्य होतो आणि त्याबरोबर मोजणीही शून्य. ४३६ हा आकडा काही मिलिसेकंदच टिकतो, स्क्रीनला तो सापडणार कसा? मोजणी पुढे सरकत नाही ही तक्रार ऑपरेटरने पहिल्या दिवसापासून केली होती, पण ती वेगळी, किरकोळ तक्रार म्हणून बाजूला राहिली. खरं तर दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं.

शोधायची पद्धत सोपी आहे. अलार्म लागतो त्याच नेटवर्कमध्ये, लॅच होण्याच्या क्षणी, एमडब्ल्यू ११ ची किंमत रिकाम्या एमडब्ल्यू १०० मध्ये मूव्ह (कॉपी) करून ठेवायची. तिथे ४३६ दिसले की १८० वजा करा. फरक २५६ किंवा त्याची पट आला, तर सेन्सरला हात लावू नका, शेजारचा बाइट तपासा. टीआयए पोर्टलमध्ये (सीमेन्सचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) असाइनमेंट लिस्ट उघडली की कोणता बाइट कुठे कुठे वापरलाय ते डोळ्यांसमोर येतं.

एम मेमरी वापरायचीच असेल तर वर्डला सम क्रमांक द्या: १०, १२, १४. ३२ बिटांच्या डबल वर्डला चारच्या पटीतले: २०, २४, २८. त्याहून चांगली सवय म्हणजे आकडे ठेवायला डेटा ब्लॉक करणं आणि त्यात 'सील_तापमान', 'पिशवी_मोजणी' अशी नावं देणं. नावाने काम केलं की बाइट मोजायचा प्रश्नच उरत नाही. जुन्या हातांना डी क्रमांक पाठ असतात म्हणून नावं टाइप करणं जिवावर येतं. तो कंटाळा सोडावा लागतो.

टायमरचा के ५०

एफएक्समध्ये टी ० या टायमरला के ५० (के म्हणजे दशमान आकडा) म्हणजे ५ सेकंद, कारण टी ० ते टी १९९ हे १०० मिलिसेकंदांचे. टी २०० ला तोच के ५० म्हणजे अर्धा सेकंद. सीमेन्समध्ये वेळ सरळ लिहितात: टी#५एस. के ५० बघून टी#५०एमएस लिहिणारे दर आठवड्याला भेटतात. दुसरं, टायमरचं नेटवर्क कॉपी-पेस्ट केल्यावर त्याचा इन्स्टन्स डेटा ब्लॉक (त्या टायमरची स्वतःची मेमरी) तोच राहिला का ते बघा. एकाच इन्स्टन्सवर दोन टायमर चालवले की दोन्हींचा भरवसा संपला.

स्पेशल बिट

एफएक्समधल्या एम ८००० (नेहमी चालू), एम ८००२ (पहिला स्कॅन), एम ८०१३ (एक सेकंदाचं क्लॉक) यांना सीमेन्समध्ये पर्याय आहेत, पण ते सीपीयूच्या प्रॉपर्टीजमध्ये स्वतः चालू करावे लागतात. चालू केले की काही बदललं नसेल तर एम १.२, एम १.० आणि एम ०.५ मिळतात, आणि एमबी ० व एमबी १ पूर्ण व्यापले जातात. मग कोणी मोटरच्या मेमरीसाठी एम ०.५ घेतला की सेकंदाला एकदा लुकलुकणारी मोटर बघायला मिळते.

एक्स ७ नंतर एक्स १०

एफएक्सचे इनपुट अष्टमान पद्धतीने मोजतात, म्हणून एक्स १० हा नववा इनपुट. सीमेन्समध्ये आय ०.७ नंतर आय १.०. आयओ लिस्ट (इनपुट-आउटपुटची यादी) नव्याने, टर्मिनलवर बोट ठेवून करा.

अॅनालॉगमध्ये जुनाच आकडा

एफएक्स३यू-४एडी या अॅनालॉग मॉड्यूलवर ४-२० मिलिअँपियरला ० ते १६००० मिळतात. सीमेन्समध्ये ० ते २७६४८. जुना गुणक तसाच ठेवला तर १० बारचं प्रेशर १७ बारच्या वर दिसतं. शिवाय सीपीयू १२१४सीवरचे दोन अॅनालॉग इनपुट फक्त ०-१० व्होल्टचे आहेत. ट्रान्समीटर (सेन्सरचं सिग्नल पाठवणारं उपकरण) ४-२० मिलिअँपियरचा असेल तर वेगळं मॉड्यूल घ्या. ५०० ओहमचा रेझिस्टर लावून २-१० व्होल्ट करता येतात, पण मग शून्याला ५५३० येतात आणि नॉर्म_एक्सच्या (आकडा ० ते १ मध्ये बदलणारी सूचना) खालच्या मर्यादेत तोच आकडा टाकावा लागतो. तो टाकायचं विसरलं की रिकामी टाकी २० टक्के भरलेली दिसते. मॉड्यूलचे पैसे वाचवायला हा उद्योग करू नये.

डाउनलोडचा निळा बाण बघून दाबून टाकणं

ही घाईची चूक, आणि तिचा खरा भुर्दंड उत्पादनाला बसतो. मित्सुबिशीत नवा डी रजिस्टर वापरायला घेतला तरी बाकीच्या डी मधले आकडे जागेवर राहतात. एस७-१२०० मध्ये डेटा ब्लॉकला एक टॅग (नाव दिलेली जागा) जोडून डाउनलोड केलं की साधारणपणे तो अख्खा ब्लॉक पुन्हा इनिशिअलाइज होतो. ऑपरेटरने सहा महिन्यांत सुधारत आणलेली रेसिपी, सेटपॉइंट, एकूण मोजणी, सगळं स्टार्ट व्हॅल्यूवर (सुरुवातीच्या किमतीवर). रिटेन लावलेलं होतं म्हणून हे वाचत नाही. रिटेन वीज गेल्यावर आकडे जपतं, डाउनलोडपासून नाही. डाउनलोडच्या आधी जी खिडकी येते तिच्यात री-इनिशिअलाइज असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ती न वाचता लोड दाबणाऱ्याला शिफ्ट इंचार्जसमोर उत्तर नसतं.

सवय अशी लावा: आधी मशीन थांबवून ऑपरेटरला सांगा. डेटा ब्लॉक उघडून ऑनलाइन जा, स्नॅपशॉट (चालू किमतींची नोंद) घ्या, स्नॅपशॉटच्या किमती स्टार्ट व्हॅल्यूमध्ये कॉपी करा, मग टॅग जोडा, कंपाइल करा आणि मगच डाउनलोड. त्याआधी प्रोजेक्टची तारीख घातलेली प्रत वेगळी ठेवा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या टीआयए पोर्टलमध्ये उघडत नाही, म्हणून लॅपटॉप अपग्रेड करण्याआधी जुनी प्रतही जपा.

पॅनलमध्ये पीएलसी उभा बसवणं

जागा वाचते म्हणून रेल (पीएलसी बसवायची पट्टी) उभी लावतात. एस७-१२०० आडव्या रेलवर ६० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत चालतो, उभ्या रेलवर ५० पर्यंतच. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असतात, आणि व्हीएफडी असलेल्या बंद पॅनलमध्ये ५० सहज ओलांडतात. रेल आडवी ठेवा, वर-खाली किमान २५ मिलिमीटर मोकळे सोडा, आणि एप्रिल लागायच्या आत पंख्याचा फिल्टर काढून झटका.