पिल्लांची स्वभावचाचणी : घर जुळवताना या चुका टाळा

कुत्र्याचे पिल्लू कोणाच्या घरी द्यावे हे ठरवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी अमेरिकेतील जॅक आणि वेंडी व्होलहार्ड या दांपत्याची दहा भागांची चाचणी सर्वांत ओळखीची आहे. पिल्लू अनोळखी माणसाकडे येते का, त्याच्या मागे जाते का, उताणे धरले असता काय करते, कागदाचा बोळा फेकला तर आणते का, बोटांमधली त्वचा हलके दाबली, भांडे वाजवले किंवा छत्री उघडली तर कसे वागते, असे एकेक पाहून प्रत्येक भागाला १ ते ६ गुण दिले जातात. हे गुण शाळेतल्या गुणांसारखे वाचणे ही पहिली आणि हमखास होणारी चूक आहे. इथे ६ म्हणजे उत्तम नव्हे. १ म्हणजे दांडगे व पुढे घुसणारे पिल्लू, ३-४ म्हणजे सामान्य कुटुंबाला सांभाळता येईल असे, तर ६ म्हणजे माणसात फारसा रस न घेणारे, आपल्याच नादात राहणारे पिल्लू होय.

याच ओघात दहा भागांची सरासरी काढली जाते आणि तिथे सगळाच घोळ होतो. माणसाकडे झेपावणारे पण आवाजाने कोपऱ्यात दडणारे पिल्लू आणि दोन्ही बाबतींत मध्यम असणारे पिल्लू यांची सरासरी सारखीच निघते. मात्र पहिल्याला दिवाळीत फटाक्यांनी दणाणणाऱ्या वस्तीतले घर देणे अन्यायाचे ठरेल. म्हणून प्रत्येक भागाची नोंद वेगळी ठेवावी आणि बेरीज करूच नये.

वय आणि वेळ

चाचणी साधारण सातव्या आठवड्यात, मूळ पद्धतीप्रमाणे ४९ व्या दिवशी, घेतात. त्याआधी पिल्लाची नजर, चाल आणि समज पुरेशी विकसित झालेली नसते, तर आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास बहुतेक पिल्ले काही काळ अधिक भित्री होतात आणि तेव्हाचा धसका दीर्घकाळ टिकू शकतो. रस्त्यावर सापडलेल्या देशी पिल्लांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते, आणि अंगावर मांस नसल्यामुळे ती वयापेक्षा लहान दिसतात. अशा वेळी आकारावरून अंदाज बांधण्याऐवजी पशुवैद्यांकडून दात तपासून घ्यावेत. दुधाचे २८ दात साधारण आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ण येतात आणि पुढचे कायमचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर दिसू लागतात. चार महिन्यांच्या पिल्लाला सात आठवड्यांची चाचणी लावून मिळालेले गुण निरर्थक असतात. चाचणी सातव्या आठवड्यात झाली तरी पिल्लू लगेच हातात देण्याची घाई करू नये. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदासविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, आणि दत्तक देतानाही हीच मर्यादा पाळणे पिल्लाच्या हिताचे आहे.

दिवसाची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. नुकतेच जेवलेले पिल्लू झोपाळू असते, लस टोचलेल्या दिवशी अंग दुखत असते आणि जंताचे औषध दिल्यावर पोट बिघडलेले असू शकते. या सर्वांपेक्षा घातक गफलत म्हणजे आजारी पिल्लाला शांत समजणे. पोटात जंत झालेले, हिरड्या पांढुरक्या पडलेले पिल्लू मांडीवर निपचित पडून राहते, आणि घरात आजीआजोबा असणाऱ्यांना अगदी हवे तसे वाटते. महिनाभर चांगले खाऊन-पिऊन ते सुधारले की तेच पिल्लू सोफे कुरतडू लागते. म्हणून आधी तपासणी व जंतनाशक, मग किमान आठवडाभर नीट खाणेपिणे, आणि त्यानंतरच चाचणी, हा क्रम सोडू नये.

जागा आणि माणूस

पिल्लाला रोज भरवणाऱ्यानेच चाचणी घेतली तर ती ओळखीची परीक्षा होते, स्वभावाची नव्हे. परीक्षक अनोळखी असावा, जागा नवी असावी, पिल्ले एकेक करून आणावीत आणि आई व भावंडे दृष्टीआड असावीत. रोजच्या माणसाने बाजूला, शक्यतो पिल्लाला दिसणार नाही अशा ठिकाणी बसून नोंदी कराव्यात. सोसायटीच्या बागेचा किंवा मैदानाचा मोह मात्र टाळावा. सात आठवड्यांच्या पिल्लाचे लसीकरण अपुरे असते आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. त्यामुळे ब्लीचच्या पाण्याने पुसलेली, बाहेरच्या कुत्र्यांचा वावर नसलेली खोली हीच योग्य जागा होय.

पहिली प्रतिक्रिया पाहून थांबणे

स्टीलच्या डब्यावर पळी आपटली की जवळजवळ प्रत्येक पिल्लू दचकते, आणि दचकणे हा दोष नाही. पाहायचे असते ते त्यानंतरचे अर्धे मिनिट. काही पिल्ले दचकून थांबतात, कान टवकारतात आणि आवाज कुठून आला हे शोधत डब्याकडे येतात. काही मागे सरकतात पण थोड्या वेळाने परीक्षकाकडे वळतात. काही मात्र भिंतीला चिकटून थरथरत राहतात आणि हाक मारली तरी सावरत नाहीत. घर ठरवताना या तीन पिल्लांतला फरक बाकी सगळ्या गुणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो, तरीही बहुतेक नोंदवह्यांत तिघांपुढे ‘आवाजाला घाबरते’ एवढेच लिहिलेले असते. सावरायला किती सेकंद लागले, हे घड्याळ पाहून लिहावे. डबा कानाजवळ वाजवू नये आणि भीती बसलेल्या पिल्लावर तोच प्रयोग पुन्हा करू नये.

उताणे धरण्याच्या भागात नेमका उलटा गोंधळ होतो. पिल्लू हलायचे थांबले की ‘शरण आले, म्हणजे आज्ञाधारक’ असा निष्कर्ष काढला जातो. या भागांची जुनी नावे व स्पष्टीकरणे कुत्र्यांमधील वर्चस्वाच्या कल्पनेवर आधारलेली आहेत, आणि ती कल्पना आज कितीतरी वर्तनतज्ज्ञ मान्य करत नाहीत. अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो आहे, ओठ चाटणे चालू आहे, अशा अवस्थेत स्तब्ध झालेले पिल्लू निवांत नसून भीतीने गोठलेले असते. या भागातून कळते ते इतकेच की नखे कापताना, कान साफ करताना किंवा पशुवैद्यांच्या टेबलावर पिल्लू हाताळणी कितपत सहन करील. ते किंचाळले तर तात्काळ सोडावे. नोंद करण्यापुरते तेवढे पुरेसे असते.

चाचणीला भविष्य समजणे

स्वीडनमध्ये ६३० जर्मन शेफर्ड पिल्लांची आठव्या आठवड्यात चाचणी घेऊन विल्सन आणि सुंडग्रेन यांनी १९९८ साली दाखवून दिले, की त्या निकालावरून मोठेपणी कुत्रा सेवाकार्याला योग्य ठरेल की नाही हे सांगता येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्यांच्या अभ्यासातही चाळीस ते पन्नास दिवसांच्या वयातील वर्तनांपैकी केवळ नव्या जागेचा शोध घेण्याची वृत्ती मोठेपणाच्या वर्तनाशी जुळली. त्यामुळे ‘हे कधीच चावणार नाही’ असे आश्वासन चाचणीच्या जोरावर देणे बेजबाबदारपणाचे आहे. माझ्या मते चाचणीचा खरा उपयोग ठळक विसंगती टाळण्यापुरता आहे, आणि तेवढाही काही थोडा नाही. तिच्या जोडीला पाचव्या आठवड्यापासूनच्या रोजच्या नोंदी आणि आई जवळपास असल्यास तिचे माणसांशी वागणे, हे दोन्ही ताडून पाहावे.

संपूर्ण वीणच भित्री निघाली तर दोष पिल्लांचा मानण्याआधी संगोपन तपासावे. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान माणसांचा सहवास न मिळालेली पिल्ले बुजरी राहतात. अशांना लगेच घर शोधण्याऐवजी रोज वेगवेगळ्या माणसांच्या हातून खाऊ घालून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. एकाच पिल्लाचे निकाल परस्परविरोधी आले तर तीन-चार दिवसांनी दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या परीक्षकाकडून पाहणी करावी, मात्र छत्री आणि डबा आता त्याच्या ओळखीचे झालेले असल्यामुळे वस्तू बदलाव्यात.

घराची चाचणी न घेणे

पिल्लाला दहा प्रश्न आणि कुटुंबाला एकही नाही, हा प्रकार सर्रास दिसतो. दुपारी घरात कोण असते, लिफ्ट आहे की जिने, मुलांची वये काय, कोणी काठी टेकत चालते का, घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे का, हे विचारल्याशिवाय गुणांची वही उघडू नये. लहान मुलांच्या घरात हाताळणी सहन करणारे व पटकन सावरणारे पिल्लू द्यावे. दांडग्याला अनुभवी आणि रोज वेळ देणारा माणूस हवा. बुजऱ्याला पाहुण्यांची वर्दळ नसलेले घर मानवते. भेटीच्या दिवशी सगळी पिल्ले एकदम समोर सोडली की सर्वांत धीट पिल्लू धावत येते आणि ‘त्यानेच आम्हाला निवडले’ म्हणून कुटुंब हटून बसते, म्हणून जुळणारी एक-दोनच पिल्ले दाखवावीत. सोबत होईल म्हणून दोन भावंडे एकाच नवख्या घरात देण्याचा आग्रहही मोडून काढावा, कारण ती एकमेकांतच गुंतून राहतात आणि शिकवण्याचे काम दुपटीहून अधिक होते. पिल्लू गेल्यावर तिसऱ्या दिवशी व तीन आठवड्यांनी चौकशी करावी, आणि जुळले नाही तर ते परत घेतले जाईल ही अट दत्तकपत्रातच लिहून द्यावी.