ओटावाचा गोठलेला कालवा: पहिल्यांदा स्केट घालणाऱ्यांसाठी

कॅनडाच्या राजधानीच्या, ओटावाच्या मधोमध जाणारा रिडो कालवा हिवाळ्यात ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट होतो. १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून हे चाललं आहे. तिकीट नाही, आणि वाट खुली असली की दिवसरात्र खुली. पण खुली असली तरच. त्यासाठी साधारण ३० सेंटिमीटर चांगला बर्फ लागतो आणि तो धरायला पारा उणे १० ते उणे २० मध्ये बरेच दिवस टिकावा लागतो. २०२२-२३ मध्ये थंडी तेवढी पडलीच नाही आणि वाट एकही दिवस उघडली नाही. म्हणून घरून निघण्याआधी त्या दिवशीची स्थिती बघा. हिरवा झेंडा म्हणजे खुली, लाल म्हणजे बंद. लाल झेंडा असताना बर्फ वरून कितीही टणक दिसला तरी उतरू नका.

पहिल्या दिवसाचा निम्मा त्रास बुटांमुळे होतो. स्केटचा बूट रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतो. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरावीत आणि टाच जागची हलू नये. सैल बुटात घोटा आत कलंडतो, मग ‘माझे घोटेच कमजोर’ असं वाटू लागतं. मोजा एकच, पातळ, लोकरीचा. दोन जाड मोजे घातले की पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट लवकर बधिर होतात. नाडी बांधताना चवड्यावर सैल, घोट्याच्या वळणावर करकचून, वरच्या दोन भोकांत पुन्हा थोडी ढिली. दहा मिनिटं चालून पाहा आणि परत बांधा, कारण पहिली गाठ हमखास सैलावते. फिगर स्केटच्या (बर्फावरच्या नृत्यासाठीच्या स्केटच्या) पात्याला पुढे दाते असतात. त्यांनी ढकलायला गेलात तर तोंडावर पडाल. पातं धारदार आहे ना, हेही विचारा. बोथट पातं कडेला घसरतं, आणि नव्या स्केटलाही कधीकधी धार लावून घ्यावी लागते.

कपड्यांचे थर तीन: अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन नको. घामाने भिजलं की थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. हातमोजे हवेतच, पडल्यावर हात बर्फावरच टेकतो. नवख्यांनी हेल्मेटही घालावं, लाजू नये.

बर्फावर टाचा जुळवून चवडे बाहेर, इंग्रजी व्ही अक्षरासारखं उभं राहा. गुडघे इतके वाकवा की खाली पाहिल्यावर पायाची बोटं दिसू नयेत. एका पायाने मागे नाही, तिरकं बाहेर ढकला आणि सगळं वजन दुसऱ्या पायावर न्या. सरळ उभ्या गुडघ्यांनी तोल मागे जातो आणि डोकं आपटतं. तोल गेलाच तर कमरेतून कुल्ल्याच्या बाजूला बसा, मुठी मिटा, म्हणजे दुसऱ्याच्या पात्याखाली बोटं येत नाहीत. थांबायला टाचा हळूहळू बाहेर दाबा, चवडे आत. नांगरासारखा आकार झाला की वेग मरतो.

हा नैसर्गिक बर्फ आहे, इनडोअर रिंकसारखा (छताखालच्या स्केटिंगच्या मैदानासारखा) गुळगुळीत नाही. पातं जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे वाटेच्या दिशेने गेलेली लांब भेग सर्वांत वाईट. पातं तिच्यात शिरलं की पाय अडकतो. अशी भेग तिरकी ओलांडा. वाटेवरचा डाऊज लेक हा तलाव उघड्यावर आहे, तिथे वारा सपाट मारतो. वाऱ्याची दिशा बघून आधी वाऱ्याच्या तोंडावर जा आणि परतताना त्याला पाठीशी घ्या. थकल्यावर उलट करावं लागलं तर चार किलोमीटर आठासारखे वाटतात. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते. संक्रांत आसपास असेल तर तिळगूळही आतच, बाहेरच्या खिशात तो दगड होतो.

वाटेवरच्या टपऱ्यांवर बीव्हरटेल मिळतं: बीव्हर या प्राण्याच्या शेपटीसारखं लांबट ओढलेलं, तळलेलं पीठ, वर दालचिनी-साखर. लिंबू पिळलेल्या प्रकाराला किलालो सनराइज म्हणतात. पहिल्यांदा तोच घ्या, चॉकलेट-केळ्याचा प्रकार हातमोज्यांना चिकटतो.

घरी करायचं तर आठ नगांना १५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, ३० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर मीठ, १८० मिलिलिटर कोमट दूध आणि ३० ग्रॅम लोणी. दूध बोट सहज बुडवता येईल इतकंच गरम, नाहीतर यीस्ट मरतं. आठ-दहा मिनिटं मळा आणि पीठ दुप्पट होईतो, साधारण तासभर झाका. लाटताना आक्रसलं तर दहा मिनिटं तसंच ठेवा, ओढाताण नको. अर्धा सेंटिमीटर जाड ठेवून १८० अंशांच्या तेलात प्रत्येक बाजू एकेक मिनिट तळा. तेल थंड असलं तर पीठ ते पितं, जास्त तापलं तर मध्ये कच्चं राहतं. दालचिनी-साखरेत गरम असतानाच घोळवा, निवल्यावर ती चिकटत नाही.

हॉट चॉकलेटसाठी अर्धा लिटर दुधाला तीन टेबलस्पून कोको आणि तेवढीच साखर. कोको आधी थोड्या थंड दुधात कालवा, थेट गरम दुधात टाकला की गुठळ्या होतात. थर्मासमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवून ओता, मगच चॉकलेट भरा. अर्ध्या वाटेवर, बोटं बधिर व्हायच्या आधी उघडा.

घरी आल्यावर पाती कोरडी पुसा आणि गार्ड (पात्यांवरची टोपणं) काढून ठेवा. ओल्या पात्यांवर गार्ड तसाच राहिला तर एका रात्रीत गंज चढतो.